बारा आणि हन्नेरडु

वर्कशॉपमधले किस्से जमवावे लागत नाहीत. लेथखालच्या लोखंडाच्या किसासारखे ते आपोआप साठतात. संध्याकाळी कितीही झाडा, चपलेच्या तळव्यात रुतून थोडा कीस घरी येतोच. पूर्वी हे घरी येऊन सांगायचे आणि मी भाजी निवडत ऐकायची. आता मीच तिथे असते, आणि सांगायला तुम्ही आहात.

आमचं वर्कशॉप सातारच्या एमआयडीसीत, अगदी शेवटच्या गल्लीत. हे तिथे टर्नर होते. ते गेल्यावर, दिवस झाल्यावर मालक घरी आले. चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "वहिनी, स्टोअरची खुर्ची रिकामी आहे. तुम्ही बी.कॉम. आहात."  पुढच्या सोमवारी मी डबा भरला, फक्त एकच, आणि गेले.

स्टोअर म्हणजे एक खोली, जाळीची एक खिडकी आणि ड्रिल-टॅपनी भरलेलं लोखंडी कपाट. ड्रिलने भोक पाडायचं आणि टॅपने त्या भोकात आटे पाडायचे, म्हणजे बोल्ट पिळून घट्ट बसतो. इतकं मला त्याच आठवड्यात कळलं. बाकीचं कळायला बराच वेळ लागला आणि त्यात एका माणसाची नोकरी जायची वेळ आली. तेच सांगायचंय.

*

पहिल्या दिवशी कपाट उघडलं तर सगळी ड्रिल एकाच ट्रेमध्ये, ओट्यावर सांडलेल्या शेंगांसारखी. मी पदर खोचला. सगळी पुसली, तेलाचा हात फिरवला आणि उंचीप्रमाणे एका ओळीत उभी लावली. बुटकं इकडे, उंच तिकडे. संध्याकाळी कपाट बघून मलाच बरं वाटलं.

सकाळी महादूमामा आले. हे आमच्या शॉपमधले सगळ्यात जुने टर्नर, म्हसवडचे. आमच्या ह्यांना ते भाचा मानायचे, म्हणून मला सूनबाई म्हणतात. कपाटापुढे हात मागे बांधून उभे राहिले.

"सूनबाई, फळीवर डबं लावल्यागत लावलंय. लय झ्याक."

मी खूश.

"पर ह्यातलं चारचं ड्रिल कुठलं?"

मी डावीकडून मोजत गेले आणि चौथं काढून दिलं.

मामा हसले नाहीत. आत येऊन बसले आणि म्हणाले, "ड्रिलची उंची बघायची न्हाई. धार लावून लावून उंची जाती. जाडी तेवढी ऱ्हाती." मग त्यांनी मला सूत शिकवलं. इंचाचे आठ सूत, चार सूत म्हणजे अर्धा इंच. मी म्हटलं, "म्हणजे बांगडीसारखंच की. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर सोळातले चार."

मामा म्हणाले, "कासाराकडनं शिकला तुमी. चालंल. निम्मं काम झालं."

*

निम्मंच झालं होतं, कारण उरलेलं निम्मं शॉप सूत मानतच नव्हतं.

आमचे फौजी पाटणचे. फौजेच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन इथे ड्रिलिंग मशीनवर आलेले. त्यांचं सगळं मिलिमीटरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत दोघांची रोज जुंपायची.

"मामा, देश मिलिमीटरवर जाऊन जमाना झाला. तुम्ही कधी येणार?"

"देश गेला आसंल. जुनं पंप गेलं न्हाईत. त्येंचं बोल्ट तू फौजेतनं आननार हायस?"

फौजींनी मग एकदा कपाट ताब्यात घेतलं. म्हणाले, "वहिनी, फौजेत हत्यार जागेवर नसलं तर सगळी कंपनी उभी करतात. बघा आता." एका मोठ्या प्लायवुडवर त्यांनी प्रत्येक हत्यार ठेवलं, भोवतीने पेन्सिल फिरवली आणि आत काळा रंग भरला. हत्यार उचललं की त्याची सावली दिसणार. ज्याची सावली त्यानेच तिथे परत यायचं. पाने, हातोड्या, पकडी, सगळं शोभून दिसलं.

मग टॅपची रांग आली. बारा मिलिमीटरचा टॅप आणि अर्ध्या इंचाचा टॅप ह्यांत फरक काडीच्या जाडीचा. दोघांच्या सावल्या जुळ्या भावांसारख्या!

मामा बोर्डापुढे उभे राहिले. "फौजी, ह्यातला तुझा कुठला नि माझा कुठला?"

फौजी म्हणाले, "सावलीवरून नाही कळत."

"मग आता कंपनी उभी कर," मामा म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. त्या दोन सावल्या आमच्यावर उलटणार आहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

*

आमच्याकडे हत्यार न्यायचं तर खिडकीवर पितळेचा बिल्ला द्यायचा. प्रत्येकाचे नंबर घातलेले बिल्ले. हत्यार नेलं की त्याच्या खुंटीवर नेणाऱ्याचा बिल्ला अडकतो, हत्यार परत आलं की बिल्ला परत. ह्यांचे बिल्ले सात नंबरचे. ते कुणाला द्यायचे हा विषय कुणी काढत नाही. मीही नाही.

टॅप तिघांच्या सेटमध्ये येतात. पहिला वाट काढतो, दुसरा आटा खोल करतो, तिसरा साफ करतो. कारखान्यात त्यांना थोरला, मधला, धाकटा म्हणतात. थोरल्याच्या मागे मधला, मधल्याच्या मागे धाकटा. घर एक असेल तर तिघे गुण्यागोविंदाने जातात.

बिरा हा आमचा फिटर. कानडी मुलखाला लागून असलेल्या जतकडचा, तिशीतला, अंगाने काटक. घरी मेंढरं होती, ती वाटणीत भावाकडे गेली. ह्याने आयटीआय केलं, बायको-मुलीला घेऊन साताऱ्यात खोली केली. टॅप मारायला ह्याचा हात हलका, म्हणून ते काम त्याचंच. मला अक्का म्हणायचा. मराठीत अडला की मध्येच एखादा कानडी शब्द घालून पुढे जायचा.

एके दिवशी तो एका पंपाच्या बॉडीत आटे पाडत होता. थोरला नीट गेला. मधला लावला, दोन फेरे दिले, आणि आवाज आला. टक.

ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांना कसं सांगू? लेथ चालू, ग्राइंडर चालू, एवढ्या गोंगाटात तेवढा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू गेला. एकेक मशीन थांबत गेलं. टॅपचा तुकडा भोकात अडकून बसला. टॅपचं पोलाद ड्रिललाही ऐकत नाही. बॉडी वाया गेली.

मालक आले. बिराच्या हातातला उरलेला अर्धा टॅप घेऊन वर धरून बघितला आणि म्हणाले, "हा मधला अर्ध्या इंचाचा आहे. थोरला मिलीचा. एका भोकात दोन घरची माणसं घातलीस?"

बिरा म्हणाला, "सेट असाच हुता, मालक. उघडला नि लावला."

ते खरं होतं. कोणीतरी टॅप परत ठेवताना मधल्यांची अदलाबदल झाली होती. पण मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "टॅप ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. ह्याच्या हातून आणखी एक जॉब गेला, की हा गेला."

त्या दिवशी बिराने डबा उघडला नाही. खिडकीवर येऊन बिल्ला घेतला आणि म्हणाला, "अक्का, गावाला काय तोंड घिऊन जाऊ? मेंढरंबी माझी न्हाईत."

*

अदलाबदल का झाली, ह्याचा शोध मामांनीच लावला, आणि तोही नकळत.

खिडकीवर येऊन म्हणाले, "सूनबाई, बाराचा टॅप द्या."

मी बारा मिलीचा दिला. मामांनी तो नखाने चाचपला. "ह्यो न्हवं. बारा."

"मामा, ह्याच्यावर बारा लिहिलंय."

"आवं बारा आट्याचा. इंचात बारा आटे. चार सुताचा."

मी खुर्चीत बसले. अर्ध्या इंचाच्या टॅपला एका इंचात बारा आटे असतात, म्हणून जुनी माणसं त्याला बारा म्हणत होती. नवी माणसं बारा मिलीच्या टॅपला बारा म्हणत होती. इतकी वर्षं एकाच खिडकीवर दोन बारा मागितले जात होते, आणि परत आणणारा "बारा ठेवा" म्हणून निघून जात होता.

लगेच मीटिंग भरली. फौजी म्हणाले, "मामांनी अर्धा इंच म्हणावं." मामा म्हणाले, "माझ्या गुरुनं बारा सांगितलंय. तू तुझ्याला दुसरं काय तरी म्हन." फौजी म्हणाले, "बाराला बारा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

बिरा कोपऱ्यात उभा होता. ज्याची मान अडकलेली, तोच बोलला. "हन्नेरडु म्हना."

"काय?"

"कानडीत बारा. हन्नेरडु. मिलीच्या बाराला हन्नेरडु, मामांच्याला बारा. चुकायचं कामच न्हाई."

फौजींनी दोन-तीनदा तोंडात घोळवून बघितलं. मामा म्हणाले, "ह्ये बेस हाय. मला काय बदलावं लागत न्हाई."

मी दोन डबे केले, दोन चिठ्ठ्या चिकटवल्या. आठवड्याभरात सगळं शॉप हन्नेरडु मागायला लागलं.

मालक सोडून. ते स्वतः एके काळचे फिटर, हाताचा अभिमान मोठा. म्हणाले, "माझ्या शॉपमध्ये मी कानडीत टॅप मागू? बारा म्हणजे बारा."

*

पुण्याहून एका कंपनीचे साहेब काम बघायला आले होते. ते खिडकीजवळ उभे असताना फौजी आले, सवयीने सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, हन्नेरडु."

साहेब वळले. "आपण कर्नाटकातले?"

"नाही सर. पाटण."

"मग आत्ता कन्नड बोललात ना?"

फौजी म्हणाले, "मी पाटणचा आहे सर. टॅप जतचा आहे."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. काम मिळालं, पण त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला अजून माहीत नाही.

*

खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला लागतात. ड्रिल, टॅप, पाने डिझेलने धुवायचे, पुसायचे आणि चादरीवर मांडायचे. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, नारळ. मिरवायचा दिवस, पण बिराच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. सगळे टॅप एका चादरीवर, डब्यांबाहेर! आरती चालू होती आणि हा टाळ्या वाजवता वाजवता टॅपवरची नजर काढत नव्हता.

दसऱ्याला हत्यारं उचलायला मी स्टोअर उघडलं, तर बिरा आधीच येऊन चादरीपाशी मांडी घालून बसलेला. हातात दोन नट, एक बारा मिलीचा आणि एक अर्ध्या इंचाचा. एकेक टॅप नटात फिरवून बघत होता. बसला तर एकीकडे, अडला तर दुसरीकडे. कपाळावर घाम.

मामा म्हणाले, "आरं, देवाच्या म्होरं ठिवल्यात. देव मिसळंल व्हय?"

बिरा मान वर न करता म्हणाला, "देवाला आटे कुठं कळत्यात, मामा."

 मामाही खाली बसले आणि एक नट हातात घेतला.

*

आता गिअरबॉक्सचं सांगते.

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा गिअरबॉक्स आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. गाळप चालू, कारखान्याचे फोनवर फोन. झाकणाभोवतीच्या बोल्टच्या सगळ्या भोकांत नवे आटे पाडायचे होते. बिरा सकाळपासून त्यावर. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेलाचा थेंब, पुन्हा अर्धा फेरा. कुणाशी बोलेना. मी खिडकीतून बघत होते आणि माझेच खांदे दुखायला लागले होते.

एकच भोक राहिलं असताना मालकांनी त्याला हाक मारली. फाटकात टेंपो आला होता, त्यात फळ्या नीट टाकून घ्यायला त्यालाच पाठवलं. बिराने हन्नेरडुचा सेट पुसून खिडकीवर दिला, बिल्ला घेतला आणि गेला.

मालकांना दम निघेना. ते मागच्या दाराने स्टोअरमध्ये आले. बिल्ला देणं त्यांना कधी लागलं नाही, वर्कशॉप त्यांचं. कपाटात हात घातला.

मी विचारलं, "काय नेता, मालक?"

"बारा."

"कुठला?"

"वहिनी, तुम्ही पण?" म्हणाले आणि गेले.

मी खिडकीवरच्या माणसाकडे वळले. तासाभराने मालकांनी टॅप परत आणून टेबलावर ठेवले. ते मामांच्या डब्यातले होते, बारा आट्यांचे. जुन्या पंपांचं कामही शॉपमध्ये चालूच होतं, म्हणून मला शंका आली नाही. मी पुसून जागेवर ठेवले. गिअरबॉक्स घेऊन टेंपो तोवर उंब्रजच्या वाटेला लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच टेंपो परत आला. बरोबर कारखान्याचा माणूस. त्याने झाकणाजवळच्या एका भोकात बोल्ट लावून दाखवला. दोन फेरे सैल सैल गेला आणि अडकला. पुढे जाईना. सगळे भोवती जमले. मालकांनी बोल्ट काढला, पुन्हा लावला. पुन्हा तिथेच अडकला.

"बिरा."

बिरा पुढे आला. भोकात बघितलं. 

"मी काय सांगितलं होतं?" मालक म्हणाले.

"मालक, मी शेवटचं..."

"काय सांगितलं होतं?"

बिराने हात पुसले. हत्यारांच्या पिशवीतून बिल्ले काढले आणि खिडकीवर येऊन माझ्यापुढे ठेवले. "अक्का, जमा करा." आवाज साधा होता. 

मालक मागून म्हणाले, "घ्या वहिनी."

मी ते बिल्ले ओंजळीत घेतले. ही खुर्ची मला कुणी दिली, ते मला रोज आठवतं. चहाचा कप खाली ठेवताना झालेला आवाजसुद्धा आठवतो. मामा माझ्याकडे बघत होते. फौजी जमिनीकडे. कारखान्याचा माणूस घड्याळाकडे.

मी म्हणाले, "मालक, काल टेंपो आला तेव्हा बिराचा सेट परत आला होता. बिल्ला मी त्याच्या हातात दिला. त्यानंतर तासभर बारा आट्यांचा डबा रिकामा होता आणि त्याच्या खुंटीवर कुणाचाच बिल्ला नव्हता."

 मशीन आधीच बंद होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग कपाटाकडे, डब्यांवरच्या दोन चिठ्ठ्यांकडे. मग चालत गिअरबॉक्सपाशी गेले, वाकले आणि करंगळी त्या भोकात घालून हळूहळू फिरवली.  सरळ झाले तेव्हा कुणाकडेच बघत नव्हते.

कारखान्याच्या माणसाने विचारलं, "आता हो? वाया गेला काय?"

मालक म्हणाले, "वाया नाही. भोक मोठं करायचं, आत नळीसारखा बुश बसवायचा आणि बुशात नवे आटे. संध्याकाळी घेऊन जा." मग थांबले. बाही वर सारली, पुन्हा खाली केली. "बिरा, तू कर. तेल मी सोडतो."

बिरा खिडकीशीच उभा होता. मी ओंजळीतला एक बिल्ला खुंटीवर अडकवला, बाकीचे त्याच्या खिशात टाकले आणि हन्नेरडुचा सेट त्याच्या हातात दिला.

भोक मोठं झालं. बुश बसला. बिराने थोरला लावला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. आम्ही सगळे भोवती उभे. मालक तेलाची बुधली घेऊन त्याच्या खांद्यावरून वाकलेले, एक थेंब सोडायचे, आणखी वाकायचे, आणखी जवळ यायचे.

बिरा थांबला. हँडलवरचे हात न काढता, मान न वळवता म्हणाला, "मालक, सावली पडतीया. जरा सरका."

मालक सरकले.